प्याल्याआधीची परीक्षा

पश्चात्ताप न करता प्रभुभोजनाला बसू नये, हा दंडक ख्रिस्ती घरांत लहानपणापासून कानावर पडतो. बहुतेकांना त्यात दारू, व्यभिचार, चोरी एवढंच दिसतं. दंडक जन्मला मात्र करिंथच्या एका पंगतीत.

इसवी सन 55च्या सुमारास प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला पत्र लिहिलं. तेव्हा प्रभुभोजन पोटभर जेवणाबरोबरच होई. खाऊनपिऊन सुखी असलेले आधीच जेवून घेत, काही तर पिऊन धुंद होत. गरीब उपाशी राहत. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता, असं पौलाने सुनावलं आणि भाकर-प्याला घेण्याआधी प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी असं बजावलं.

पुढे परीक्षेचे कायदे झाले. सम्राट थिओडोसियसच्या हुकुमावरून थेस्सलनीकात झालेल्या कत्तलीनंतर, 390 साली, मिलानचे बिशप अँब्रोज यांनी खुद्द सम्राटाला उघड पश्चात्तापाशिवाय प्रभुभोजन नाकारलं. स्कॉटलंडमध्ये तपासणीत उतरलेल्यांना शिशाचे बिल्ले मिळत. बिल्ला नसेल तर मेजावर जागा नाही. इंग्लंडच्या 1549च्या प्रार्थनापुस्तकाने कुख्यात दुराचाऱ्यांप्रमाणेच आपसातलं वैर न मिटवणाऱ्यांनाही अडवलं.

एकोणिसाव्या शतकात हे दोन्ही वारसे मराठवाड्यात आले. औरंगाबादेत इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीचे पाळक रत्नजी नवरोजी, जन्माने पारशी. शेजारी जालन्यात स्कॉटिश फ्री चर्चचे नारायण शेषाद्री, जन्माने ब्राह्मण. त्यांच्या मंडळ्यांत बहुतेक महार आणि मांग. जिथे पाणवठे वेगळे होते, तिथे सगळ्यांनी एकाच प्याल्याला ओठ लावायचे! उष्ट्याचा विटाळ मानणाऱ्या समाजात याहून कठीण परीक्षा कोणती? कलकत्त्याचे बिशप डॅनिअल विल्सन यांनी 1833 सालीच मंडळीतला जातिभेद पूर्णपणे सोडायला सांगितलं होतं. दक्षिणेत त्यावरून कित्येकांनी मंडळी सोडली.

1970 साली नागपुरात उत्तर भारतीय चर्च स्थापन झालं आणि अँग्लिकन व प्रेस्बिटेरियन परंपरा एकाच मेजाशी आल्या. आजही प्याल्याआधी पापांगीकाराची प्रार्थना होते. ती म्हणताना आपल्याला एकांतातली पापं आठवतात. पण पौलाचा राग पंगतीतल्या भेदावर होता. म्हणून जात पाहून सोयरीक मोडणाऱ्या आणि त्याची खंतही नसलेल्या माणसाला, दारुड्याला थांबवतो तसंच, पाळकाने मेजापाशी थांबवायला हवं असं मला वाटतं.