फुकटचा टाका, महागडी टीप

अमेरिकन क्विल्टला तीन थर असतात: वर तुकडे जोडून केलेला पदर, मध्ये कापूस, खाली अस्तर. ती करण्यात दोन वेगळी कामे येतात. आधी तुकडे जोडायचे, मग तिन्ही थर टाके घालून एकमेकांना पक्के करायचे. एकोणिसाव्या शतकात पहिले काम बाई सवडीने, बहुधा एकटीच करी. दुसऱ्यासाठी मोठी लाकडी चौकट मांडली जाई आणि तिच्याभोवती शेजारणी बसत. या मेळाव्यात मजुरीचा प्रश्नच नसे. यजमानीण जेवू घाली आणि पुढे इतरांच्या चौकटीवर जाऊन ऋण फेडी. क्विल्टच्या कामासाठी यंत्र घेणे परवडते का, हा प्रश्न या फुकटच्या श्रमामुळेच फार काळ अवघड राहिला.

एलियस हाऊला शिवणयंत्राचे पेटंट १८४६ मध्ये मिळाले, आयझॅक सिंगरला १८५१ मध्ये. दोघांचा खटला १८५४ मध्ये हाऊने जिंकला. १८५६ मध्ये हाऊ, सिंगर, व्हीलर अँड विल्सन आणि ग्रोव्हर अँड बेकर यांनी आपापली पेटंटे एकत्र केली. बाहेरच्या कारखानदाराला यंत्र बनवायचे तर प्रत्येक नगामागे या गटाला परवाना शुल्क द्यावे लागे. सुरुवातीला ते १५ डॉलर होते आणि ते अखेर गिऱ्हाइकाच्याच खिशातून जाई. घरगुती यंत्राची किंमत तेव्हा शंभर डॉलरच्या वर, तर साधारण कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न पाचशेच्या आसपास. म्हणजे यंत्र घेणे हा चैनीचा नव्हे, जवळजवळ जनावर विकत घेण्याइतका विचार करण्याचा व्यवहार होता.

सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क हा वकील. किंमत उतरवण्याऐवजी ती फोडावी, हे त्याला सुचले. १८५६ मध्ये त्याने हप्त्याची पद्धत आणली: थोडी रक्कम आगाऊ, बाकी महिन्याच्या महिन्याला, आणि शेवटचा हप्ता फिटेपर्यंत यंत्र कंपनीच्या मालकीचे. १८५५ मध्ये सिंगरची ८८३ यंत्रे विकली गेली होती; पुढच्या वर्षी २,५६४. जुने यंत्र आणून दिल्यास नव्याच्या किमतीत ५० डॉलरची सूट ही कल्पनाही क्लार्कचीच. परत आलेली यंत्रे कंपनी मोडून टाकी, म्हणजे स्वस्त जुन्या मालाचा बाजारच उभा राहू नये. धूर्तपणा उघड होता, पण हप्त्यामुळे शेकडो घरांना यंत्र मिळाले हेही खरे. स्वस्त पर्यायही होता. व्हर्जिनियाच्या जेम्स गिब्जने १८५७ मध्ये पेटंट घेतलेले एकदोरी यंत्र सुमारे ५० डॉलरला मिळे. मात्र त्याची साखळी टीप शेवटी दोरा सुटला की भराभर उसवे.

खरेदीच्या बाजूने दिला जाणारा मोठा युक्तिवाद वेळेचा होता. व्हीलर अँड विल्सनच्या चाचण्यांनुसार पुरुषी सदरा हाताने शिवायला १४ तास २६ मिनिटे लागत, यंत्रावर १ तास १६ मिनिटे. आकडे कंपनीचे, तेव्हा ते थोडे सावधपणेच घ्यावेत. तरी फरक प्रचंड होता यात शंका नाही. या हिशेबाची दुखरी नस वेगळी होती. वाचलेले तेरा तास बाईच्या हातात पैसा म्हणून येत नव्हते. ती दुसऱ्यांचे सदरे शिवून मजुरी घेणार असेल तरच यंत्र स्वतःची किंमत फेडी. एरवी वाचलेल्या वेळात घरचीच शिवण वाढे. झालरी आणि चुण्या त्याच काळात भरपूर झाल्या, हा योगायोग नव्हे.

यंत्र घरात येई ते कपड्यांसाठी, क्विल्ट त्याच्या मागोमाग आली. तुकडे जोडण्याच्या एकटीच्या कामात त्याचा उपयोग लगेच झाला. काही बायका क्विल्टच्या दर्शनी बाजूवरही मुद्दाम यंत्राची टीप ठेवत. आज ती कमअस्सल वाटेल, पण तेव्हा घरात शंभर डॉलरची वस्तू आहे हे तीच टीप सांगे. तीन थर एकत्र शिवणे मात्र यंत्राला जड गेले. घरगुती यंत्राच्या हाताखाली जागा वीतभर. त्यातून पलंगभर जाडजूड पांघरूण गुंडाळून सरकवत न्यायचे म्हणजे खांदे भरून येत. शेजारणी ते काम फुकट करत असताना हा त्रास कोण घेणार? आमिश या ख्रिस्ती पंथाच्या बायकांनी पुढेही हीच विभागणी पाळली: तुकडे पायाने चालवायच्या यंत्रावर, थर पक्के करायचे ते हाताने, चौकटीवर.

१८७७ मध्ये पेटंटांचा गट संपला आणि किमती बऱ्याच खाली आल्या. शतक संपता संपता सीअर्स, रोबक कंपनीच्या टपाली कॅटलॉगात २० डॉलरच्या आतही यंत्र मिळू लागले. हप्त्याची पद्धत तोवर जगभर गेली होती. भारतात सिंगरचा कारभार मुंबईहून अनेक वर्षे एन. एम. पटेल हे पारशी गृहस्थ पाहत, आणि इथल्या शिंप्यांनीही यंत्र हप्त्यानेच घेतले. शिंप्याला रोज मजुरी मिळत असल्याने त्याचा हिशेब अमेरिकन शेतकरणीपेक्षा सोपा होता. महाराष्ट्रातील गोधडी मात्र जुन्या लुगड्यांच्या थरांतून हातानेच शिवली जात राहिली.

अमेरिकेतही थर शिवण्याला पैशांत मोल येत गेले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्यांच्या क्विल्ट हाताने शिवून देणाऱ्या बायका मजुरी दोऱ्यावर आकारत. जितकी रिळे खर्च होत, तितके पैसे. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात क्विल्ट चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या गेल्या, १९७६ मध्ये स्वातंत्र्याची द्विशताब्दी आली, आणि या छंदाने पुन्हा जोर धरला. नव्या हौशी बायका नोकरी करणाऱ्या होत्या. वरचे पदर भराभर तयार होत आणि कपाटात पडून राहत, कारण चौकटीभोवती बसायला शेजारणी उरल्या नव्हत्या.

ही पोकळी लांब हाताच्या यंत्राने भरली. १९८०च्या दशकात मिझुरीतील वेस्ट प्लेन्स गावाच्या गॅमिल कंपनीने अशी यंत्रे विकायला सुरुवात केली. यात कापड जागेवर राहते: दहा-बारा फुटी मेजावर ते रुळांवर ताणलेले असते आणि यंत्राचे डोकेच पट्ट्यांवरून फिरते. १९८९ मध्ये अमेरिकेतील पडूका शहराच्या मोठ्या क्विल्ट स्पर्धेत कॅरिल ब्रायर फॅलर्टच्या यंत्रावर केलेल्या क्विल्टला सर्वोच्च बक्षीस मिळाले. ती लांब हाताच्या यंत्राची कमाई नव्हती, पण यंत्राची टीप हलकी मानण्याला त्यामुळे मोठा धक्का बसला. मजुरीही आता दोऱ्यावरून चौरस इंचावर आली.

नव्या यंत्राची किंमत काही हजार डॉलरपासून संगणकी नमुने शिवणाऱ्या यंत्राच्या चाळीस हजारांपर्यंत जाते. उदाहरण म्हणून १५,००० डॉलरचे यंत्र घेतले आणि चौरस इंचाला २ सेंट दर लावला, तर ९० बाय १०० इंचांच्या क्विल्टचे १८० डॉलर होतात. भांडवल फिटायला ८४ क्विल्ट लागतील, म्हणजे आठवड्याला एक धरली तर दीड वर्षाहून जास्त. दोरा, सुया, दुरुस्ती, मेजाला लागणारी अख्खी खोली आणि हात बसेपर्यंत वाया गेलेले कापड वेगळेच. स्वतःच्या वर्षाकाठच्या चार-पाच क्विल्टसाठी हे यंत्र घेणे हौस म्हणून ठीक, हिशेब म्हणून तोट्याचे. तेवढ्या क्विल्ट दुसऱ्याकडून मजुरीने शिवून घेणेच स्वस्त पडते.