चौल : विरलेले बंदर आणि उरलेली बोली

१/
अलिबागहून मुरुडकडे जाणारा रस्ता रेवदंड्यात एका जुन्या तटाला छेदून आत शिरतो. गाडीतील बहुतेक प्रवाशांच्या हे लक्षातही येत नाही. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, कौलारू घरे आणि झाडीत अर्धवट दडलेली काळ्या दगडाची भिंत, एवढेच दृश्य. परंतु हे रेवदंडा आणि त्याला लागून असलेले चौल मिळून पश्चिम किनाऱ्यावरील एक अत्यंत दीर्घायुषी बंदर होते. त्याच्या उदयाची, वैभवाची आणि अस्ताची ही कथा. त्या अस्तातून जे वाचले, त्याचीही.

२/
प्रथम भूगोल. कुंडलिका नदी येथे समुद्राला मिळते. तिच्या मुखाच्या उत्तरेस रेवदंडा व चौल, तर दक्षिणेस समुद्रात लांबवर घुसलेले कोर्लईचे डोंगरी भूशिर. दक्षिणेकडून हे भूशिर आडोसा देते, खाडी जहाजांना आत घेते आणि पूर्वेस सह्याद्रीचे घाट देशावरच्या बाजारपेठांकडे वाट करून देतात. निसर्गाने बंदरासाठी याहून अधिक काय द्यावे? चौलचा पुढचा सारा इतिहास या तीन गोष्टींवर उभा आहे : आडोसा, खाडी आणि घाटवाट.

३/
इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील व्यापारी मार्गदर्शिकेत कल्याणच्या दक्षिणेकडील बंदरांच्या यादीत ‘सेमिल्ला’ हे नाव येते. टॉलेमीच्या भूगोलात तेच ‘सिमिल्ला’ होते. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत ‘चेमुल’चा उल्लेख सापडतो. ही सारी नावे चौलचीच आहेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे ज्या काळी कान्हेरीचे भिक्खू वर्षावासासाठी डोंगरात राहत होते, त्या काळी चौलच्या रहिवाशांकडे त्यांना दान देण्याइतका पैसा होता.

४/
दहाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बगदादचा प्रवासी अल-मसूदी येथे आला. अरबांच्या तोंडी तेव्हा या गावाचे नाव ‘सैमूर’ होते. प्रदेशावर राष्ट्रकूटांचे सार्वभौमत्व होते आणि त्यांचा मांडलिक शिलाहार राजा झंझ येथे राज्य करीत होता. अल-मसूदी लिहितो की गावात सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते. त्यांत सिराफ, ओमान, बसरा आणि बगदाद येथून आलेले व्यापारी होते, तसेच याच भूमीत जन्मलेली त्यांची पुढची पिढीही होती. त्यांचे तंटे सोडविण्यासाठी त्यांच्यातीलच एक प्रमुख नेमलेला असे. एका हिंदू राजाच्या बंदरात परदेशी व्यापाऱ्यांची वस्ती स्वतःच्या रीतीने नांदत होती.

५/
याच किनाऱ्याने आणखी एका समाजाला आसरा दिला. बेने इस्रायल समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळच्या नवगाव येथे फुटले आणि वाचलेली मोजकी कुटुंबे कोकणात स्थिरावली. तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. त्यांची आडनावे मराठी झाली, भाषा मराठी झाली. त्यांच्यातील ‘चेऊलकर’ हे आडनाव आजही या बंदराची आठवण जपते. रेवदंड्यात त्यांचे प्रार्थनास्थळ आहे.

६/
पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, बहमनी राजवटीत, येथे एक अनपेक्षित पाहुणा उतरला. रशियातील त्वेर नगरीचा व्यापारी अफानासी निकितिन होरमुझहून एक घोडा घेऊन १४६९च्या सुमारास चौलला पोहोचला (काही अभ्यासक हे वर्ष १४७१ मानतात). वास्को द गामा कालिकतला पोहोचला १४९८ मध्ये, म्हणजे निकितिन त्याच्याही पिढीभर आधीचा. येथील लोकांचा अल्प पेहराव पाहून तो चकित झाला. लोकही त्याचा गोरा रंग पाहण्यासाठी त्याच्या मागे जमत. कुतूहल दोन्ही बाजूंनी सारखेच होते.

७/
निकितिनने घोडाच का आणला? दख्खनच्या सुलतानांना घोडदळासाठी उत्तम घोडे हवे होते आणि तशी पैदास येथे होत नव्हती. अरबस्तान व इराणचे घोडे समुद्रमार्गे आणले जात आणि चौलसारख्या बंदरांतून घाटावर चढविले जात. निकितिनही आपला घोडा घेऊन जुन्नरला गेला. तेथील अधिकारी असदखानाने तो हिसकावून घेतला आणि धर्मांतराची अट घातली. एका खुरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीने घोडा परत मिळाला. घाटवाटेचा व्यापार किती मोलाचा आणि किती जोखमीचा होता, हे या एका प्रसंगातून कळते.

८/
सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज लेखक दुआर्ते बार्बोसाने चौलच्या हंगामाचे जे वर्णन केले आहे, ते फार बोलके आहे. एरवी या गावात वस्ती बेताचीच. पण डिसेंबर ते मार्च या काळात घाटावरून लादणीच्या बैलांचे मोठमोठे तांडे उतरत आणि बाजार भरे. मलबारची जहाजे नारळ, सुपारी आणि मसाले आणीत; देशावरून धान्य आणि कापड येई. चौलचे वैभव असे ऋतूबरोबर येई आणि ऋतूबरोबर ओसरे. बंदराचा प्राण या हालचालीत होता. दगडी इमारतींचे महत्त्व दुय्यम होते.

९/
मार्च १५०८ मध्ये याच खाडीत एक युद्ध झाले. हिंदी महासागरातील पोर्तुगीजांच्या अरेरावीला आळा घालण्यासाठी इजिप्तच्या मामलुक सुलतानाने अमीर हुसेनच्या नेतृत्वाखाली आरमार धाडले होते. गुजरात सल्तनतीचा दीवचा कारभारी मलिक अयाझ हलक्या नौका घेऊन त्याला येऊन मिळाला. समोर होता पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाचा तरुण पुत्र लोरेन्सो.

१०/
खाडीतून बाहेर पडताना लोरेन्सोचे जहाज मासेमारीसाठी पाण्यात रोवलेल्या खुंटांत अडकले आणि त्यात पाणी शिरू लागले. तोफगोळ्याने त्याचा पाय निकामी झाला. तरीही डोलकाठीपाशी बसून तो हुकूम देत राहिला आणि तेथेच मारला गेला. भारतीय समुद्रात पोर्तुगीजांनी पाहिलेला हा पहिला मोठा पराभव. त्यात तोफांइतकाच वाटा कोण्या अनाम मच्छीमारांनी ठोकलेल्या खुंटांचा होता. पुत्राच्या मृत्यूचा सूड आल्मेदाने ३ फेब्रुवारी १५०९ रोजी दीवच्या लढाईत घेतला आणि समुद्रावरील वर्चस्व पोर्तुगीजांकडे गेले.

११/
१५२१ साली अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी खाडीच्या मुखाशी किल्ला बांधावयास घेतला. येथून दोन चौल निर्माण झाली. मुखाशी पोर्तुगीजांचे ‘खालचे चौल’, म्हणजे आजचे रेवदंडा. आणि आत निजामशाहीचे ‘वरचे चौल’. एकाने समुद्राची वाट रोखून धरली, तर दुसऱ्याकडे कारागीर आणि घाटवाटेचा व्यापार राहिला. १५८०च्या दशकात भारतात राहिलेला डच प्रवासी लिन्सखोटन चौलच्या रेशमी कापडाची आणि ते विणणाऱ्यांची मुक्तकंठाने प्रशंसा करतो.

१२/
हे सहजीवन नेहमीच शांततेचे नव्हते. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने खालच्या चौलला प्रदीर्घ वेढा दिला. त्याच वेळी अली आदिलशहाने गोव्याला वेढा घातला होता. दोन्ही वेढे निष्फळ ठरले. पुढे निजामशाहीने समोरच्या कोर्लईच्या भूशिरावर किल्ला उभारला, तो पोर्तुगीजांनी १५९४ साली जिंकला. १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्याने रेवदंड्याला वेढा दिला. तेव्हाही तट टिकला. दीडशेहून अधिक वर्षे हा किल्ला कोणालाही बळाने घेता आला नाही.

१३/
मग चौल हरले कशापुढे? उत्तर किल्ल्यात सापडत नाही. त्यासाठी उत्तरेकडे पाहावे लागते. १६६१च्या विवाह-करारान्वये मुंबई इंग्लंडच्या राजाकडे गेली आणि १६६८ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आली. मुंबईचे बंदर खोल आणि प्रशस्त होते. कंपनीने कारागिरांना आणि व्यापाऱ्यांना तेथे वसण्यासाठी उत्तेजन दिले. त्यांत चौलचे विणकरही होते. इकडे कुंडलिकेचे मुख गाळाने उथळ होत चालले. तट शाबूत होते, तोफा जागेवर होत्या. पण ज्यांच्यासाठी ते सारे उभारले होते, ते एकेक करून निघून जात होते.

१४/
मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्तेचा कणाच मोडला. १७४०च्या तहाने रेवदंडा व कोर्लई मराठ्यांना मिळाले. पोर्तुगीज अधिकारी, पाद्री आणि सधन कुटुंबे गोव्याकडे निघून गेली. मराठ्यांच्या हाती आलेल्या गावाचे व्यापारी तेज तेव्हा केव्हाच मावळले होते. पुढे वाड्यांनी तट वेढला आणि चर्चच्या भिंतींतून वड-पिंपळ उगवले.

१५/
सगळेच मात्र गेले नाहीत. ज्यांच्याकडे गोव्यास जाण्याची ऐपत नव्हती, असे कष्टकरी ख्रिस्ती कोर्लईच्या पायथ्याशी राहिले. त्यांचे पूर्वज याच किनाऱ्यावरचे. धर्म पोर्तुगीजांनी दिलेला. धर्मामुळे ते शेजारच्या हिंदू आणि मुसलमान वस्तीपासून वेगळे पडले, तर जातीमुळे उच्चवर्णीय ख्रिस्ती समाजापासून. मध्ये खाडी, पाठीशी डोंगर. या दुहेरी एकटेपणात त्यांनी एक गोष्ट टिकवून धरली : पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून जन्मलेली आपली बोली.

१६/
या बोलीला ‘क्रिस्ती’ म्हणतात. बोलणारे तिला ‘नो लिंग’ असेही म्हणतात. म्हणजे ‘आपली भाषा’. तिचे बहुतेक शब्द पोर्तुगीज आहेत, पण वाक्याची ठेवण मराठी वळणाची आहे. पोर्तुगीजमध्ये क्रियापद सामान्यतः कर्माच्या आधी येते. क्रिस्तीमध्ये ते मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी जाते. भाषाशास्त्रज्ञ जे. क्लान्सी क्लेमेंट्स यांनी या बोलीचा सविस्तर अभ्यास करून १९९६ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. सत्ता जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षे लोटली, तरी तिच्या काळातील संवादाची खूण लोकांच्या ओठांवर राहिली.

१७/
आज ही बोली बोलणाऱ्यांची संख्या हजाराच्या आसपास आहे. ज्या एकटेपणाने तिला वाचविले, ते आता उरलेले नाही. खाडीवर पूल झाला, मराठी शाळा आली, चर्चमधील प्रार्थना मराठीत होऊ लागली, मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी बाहेर पडली. या बदलांना दोष कसा द्यावा? पूल, शाळा आणि नोकरी यांवर कोर्लईच्या मुलांचाही तितकाच अधिकार आहे. पण बोली टिकवायची तर आता ती जाणीवपूर्वकच टिकवावी लागेल; भूगोल तिच्या मदतीला येणार नाही.

१८/
येथे जावयाचे असल्यास एक दिवस पुरेसा आहे. रेवदंडा अलिबागपासून सुमारे १७ कि.मी. आहे. सकाळी चौलचे रामेश्वर मंदिर पाहावे आणि मग रेवदंड्याच्या तटात शिरावे. तेथील ‘सातखणी’ मनोरा पुष्कळांना टेहळणीचा बुरूज वाटतो. प्रत्यक्षात तो फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चचा मनोरा आहे. ओहोटीच्या वेळी तटाच्या समुद्राकडील बाजूने वाळूवरून चालता येते. भिंतीची खरी उंची तेथून कळते. निकितिनच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभही गावात आहे.

१९/
दुपारनंतर पूल ओलांडून साळावमार्गे कोर्लईला जावे. पुलावरून दोन्ही किनारे एका नजरेत येतात : डावीकडे आत वळत गेलेली खाडी, उजवीकडे मुख आणि त्यावर पहारा देणारे भूशिर. लोरेन्सोचे जहाज याच पाण्यात अडकले होते. किल्ल्याच्या माथ्यावर छप्पर उडालेले छोटे चर्च आहे, खाली दीपगृह आहे. वरून पाहिले म्हणजे पहिल्या शतकातील नाविकाला ही जागा का आवडली असेल, हे न सांगता उमगते.

२०/
उतरताना कोर्लई गावातून जावे, पण तेथे पाहुण्यासारखे वागावे. ते संग्रहालय नव्हे. लोकांची राहती घरे आहेत. जाळी विणणाऱ्या, मासळी निवडणाऱ्या माणसांकडे कॅमेरा रोखून ‘पोर्तुगीज बोलून दाखवा’ असे म्हणणे शोभत नाही. सहज गप्पा झाल्या आणि एखादे वाक्य कानी पडले, तर ते भाग्य समजावे.

२१/
तटबंदीच्या दुरुस्तीसाठी दगड, चुना आणि निधी लागतो. बोलीला फक्त बोलणारे लागतात, आणि त्यांना आपल्या बोलीची लाज वाटणार नाही असे शेजारी. चौलच्या बंदरात शतकानुशतके परकी माणसे आली आणि येथलीच झाली. त्यांच्यासह आलेले शब्दही येथलेच झाले. कोर्लईची बोली ही त्या बंदराची अजून न बुडालेली शेवटची होडी आहे. तिला परकी न मानणे, एवढे तरी या किनाऱ्यावर जाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाच्या हाती आहे.