प्रत्यवसित : मरणाच्या दारांतून परतलेल्यांची नोंद

यमस्मृतींत ‘प्रत्यवसित’ असा एक शब्द आला आहे. जीव देण्यास किंवा संसार सोडण्यास निघून जे मध्येंच परतले, अशा नऊ प्रकारच्या लोकांस तेथें हें नांव दिलें आहे. ते सर्व लोकांनीं बहिष्कृत केलेले समजावे, आणि चांद्रायणानें अथवा दोन तप्तकृच्छ्रांनीं त्यांची शुद्धि होते, असें स्मृतिकार सांगतो. अव-पूर्वक ‘सो’ धातूचा अर्थ जूं सोडून थांबणें, मुक्काम करणें; त्यास ‘प्रति’ लागून परत येऊन ठाकलेला असा अर्थ निघतो. शब्द अन्वर्थक खरा. परंतु परतलेला मनुष्य जसा गेला तसाच येतो काय, हा प्रश्न स्मृतिकारानें केलेला नाहीं. प्रस्तुत टिपणाचा विषय तोच आहे.

त्याच स्मृतींत अशा मनुष्यास २०० पणांचा दंड असून त्याच्या पुत्रमित्रांसही प्रत्येकीं एक पण दंड आहे. त्यांनीं वेळींच लक्ष ठेवावयास हवें होतें, असा त्यांत भाव आम्हांस दिसतो. वसिष्ठधर्मसूत्र जिवंत राहिलेल्या आत्मत्याग्यास बारा दिवसांचें कृच्छ्र सांगतें. ह्या सर्व वचनांत एक गोष्ट गृहीत आहे : परतलेला मनुष्य धडधाकट असून प्रायश्चित्त आचरण्यास समर्थ आहे.

वैद्यकाचें आजचें म्हणणें थोडक्यांत असें. शरीराच्या वजनाच्या सुमारें २ टक्के असणारा मेंदू विश्रांतींतही शरीरास लागणाऱ्या प्राणवायूचा सुमारें २० टक्के भाग एकटाच घेतो, आणि त्याचा सांठा मुळींच करीत नाहीं. (हा प्राणवायु आयुर्वेदांतील पंचप्राणांहून निराळा, हें संस्कृतज्ञ वाचकांस सांगणें नको.) म्हणून त्याचा पुरवठा कांहीं मिनिटें तुटला, तर हृदय व श्वास पुन्हा सुरू झाले तरी मेंदूचे कांहीं भाग कायमचे निकामी होऊं शकतात. हिपोकँपस हा भाग ह्या बाबतींत फार नाजूक आहे. नवी आठवण बांधण्याचें काम त्याचें. तो दुखावला म्हणजे मनुष्य लहानपणच्या गोष्टी नीट सांगतो, पण सकाळीं काय जेवला तें सांगूं शकत नाहीं. लहान मेंदूंतील पुर्किन्ये पेशी गेल्या म्हणजे तोल जातो. लान्स आणि अ‍ॅडम्स ह्या दोन वैद्यांनीं १९६३ सालीं आणखी एक लक्षण वर्णिलें : हात स्वस्थ असतां स्थिर असतो, पण पेला उचलूं जातांच झटके येऊन पाणी सांडतें. एक प्रकार तर घरच्यांस फसविणारा आहे. रोगी शुद्धीवर येतो, घरीं जातो, बोलूंचालूं लागतो, आणि कांहीं दिवसांनीं किंवा आठवड्यांनीं पुन्हा खालावतो. सर्वांचेंच असें होत नाहीं. पुष्कळ जण पूर्ण बरे होतात, आणि कित्येकांची सुधारणा महिनोन्महिने चालू राहते.

आतां चांद्रायणाचा विधि आठवावा. शुक्ल पक्षांत दररोज एक एक घास वाढवीत पंधरापर्यंत जावें, कृष्ण पक्षांत तसेंच उतरावें. म्हणजे तिथि लक्षांत हवी, कालचे घास लक्षांत हवे, आणि हात तोंडापर्यंत नीट गेला पाहिजे. ज्याच्या ह्या तिन्ही शक्ति गेल्या, त्यास शुद्धीची वाटच उरत नाहीं आणि बहिष्कार मात्र राहतो. व्याधिताला अर्धें प्रायश्चित्त ही सवलत शास्त्रांत आहे. पण अर्धे घासही मोजावे लागतातच.

कौटिल्य ह्या बाबतींत अधिक चौकस. १९०५ सालीं म्हैसूरच्या ग्रंथालयांत आलेल्या व शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं छापलेल्या अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणांत आकस्मिक मृत्यूच्या परीक्षेचें प्रकरण आहे. श्वास कोंडून मेलेल्याच्या खुणा तेथें बारकाईनें दिल्या आहेत. परंतु ती परीक्षा प्रेताची. जिवंत राहिलेल्याची परीक्षा तेथें नाहीं. अशा जिवंताचें एक जुनें टिपण ऑक्सफर्डचें आहे. १६५० च्या डिसेंबरांत फांशीची शिक्षा भोगूनही अ‍ॅन ग्रीन नांवाची दासी जिवंत आढळली. विल्यम पेटी व थॉमस विलिस ह्यांनीं तिला सावध केलें, आणि मधल्या वेळचें तिला कांहीं आठवेना हें लिहून ठेविलें गेलें.

इंग्रजी अमलांत प्रायश्चित्ताच्या जागीं १८६० च्या दंडसंहितेचें ३०९ वें कलम आलें : एक वर्षापर्यंत साधी कैद, दंड, किंवा दोन्ही. त्यास पहिला मोठा धक्का महाराष्ट्रांतच बसला. ‘मारुती श्रीपती दुबळ विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ ह्या खटल्यांत मुंबई उच्च न्यायालयानें १९८६ सालीं तें कलम घटनाबाह्य ठरविलें. आरोपी पोलीस शिपाई होता, आणि अपघातांत डोक्यास मार लागल्यानंतर त्याचें मन बिघडलें होतें. म्हणजे येथें मेंदूची इजा आधीं, प्रयत्न मागाहून. सर्वोच्च न्यायालयानें १९९४ सालीं तेंच मत दिलें व १९९६ सालीं फिरविलें. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५ व्या कलमानें अशा मनुष्यास तीव्र मानसिक ताण होता असें गृहीत धरून त्याची शुश्रूषा व पुनर्वसन हें सरकारचें कर्तव्य ठरविलें. १४४१६ ह्या क्रमांकावरील टेलि-मानस सेवा २०२२ सालीं सुरू झाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेंत जुनें ३०९ कलम नाहीं. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठीं केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला आहे.

प्राणवायु तुटल्यानें होणारी इजा मराठी मुलखास कळली ती मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानभाग ह्यांच्यामुळें. तें आत्मघाताचें नव्हे, २७ नोव्हेंबर १९७३ च्या निर्घृण हल्ल्याचें प्रकरण. पण मेंदूची गति तीच. १८ मे २०१५ पर्यंत, एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळ, तेथील परिचारिकांनीं त्यांना सांभाळिलें. ही शुश्रूषा आम्हांस कोणत्याही निवाड्याहून मोठी वाटते.

आमच्या वरुडाकडे आणि एकंदर वऱ्हाडांत हा प्रश्न शेतीच्या विषारी औषधांमुळें येतो. सेनानायके व करलियेद्दे ह्यांनीं १९८७ सालीं श्रीलंकेंतील रोग्यांवरून दाखविलें कीं, पहिलें संकट टळल्यावर एक ते चार दिवसांत श्वासाचे स्नायू दुबळे पडूं शकतात. बरा दिसणारा रोगी त्या वेळीं गुदमरतो. म्हणून त्यास घाईनें घरीं नेऊं नये. वाचलेल्याचा पुढें हिशेब कोणी ठेवीत नाहीं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचें वार्षिक पुस्तक आत्महत्येच्या मृत्यूंचें आहे. शेतकऱ्याच्या मृत्यूनंतर कुटुंबास एक लाख रुपयांचें सानुग्रह अनुदान मिळतें. जो अंथरुणास खिळून परतला, त्याच्या घरास तें लागू नाहीं. २०१६ च्या दिव्यांगांच्या कायद्यांत २१ प्रकार मोजले आहेत. त्यांत मेंदूची अशी मागाहून झालेली इजा स्वतंत्र नांवानें नाहीं.

संग्राहकांस एक विनंति. आपल्या दप्तरांतील दोषपत्रें, शुद्धिपत्रें, ग्रामण्याचे कागद व प्रायश्चित्ताच्या पोथ्यांचे समास पुन्हा एकदां चाळावे. ‘जीव देतां वांचला’ अशा मनुष्याची शुद्धि कोणी केली, घांस कोणी मोजले, किंवा त्याच्या वतीनें भावानें अथवा बायकोनें व्रत केलें काय, असा एखादा कागद निघाला, तर त्याची मूळ शुद्धलेखनासह नक्कल मंडळाकडे पाठवावी.