खडकीचं रणांगण

शनिवारवाडा सगळे बघतात, पण पेशवाई जिथे हरायला लागली ती जागा पुणेकर रोज गाडीवरून ओलांडतो! ५ नोव्हेंबर १८१७. दुसरा बाजीराव पर्वतीवरून बघत होता आणि बापू गोखल्यांचे स्वार गणेशखिंडीकडून खडकीच्या दिशेनं सुटले. समोर कर्नल बरची फौज, जेमतेम तीन हजार. पण मधे दलदल होती. घोडे तिथे रुतले आणि समोरून गोळीबार... जरीपटक्याचे मोरोपंत दीक्षित पडले. बारा दिवसांत शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण.

पर्वतीवरची बाजीरावाची जागा लोक आवर्जून दाखवतात. तिथून दिसतं काय, तर इमारती. माझ्या मते खरा वारसा म्हणजे तो उतार आणि ती दलदल. पुस्तकात नुसतं 'घोडे रुतले' वाचून काय कळणार? विद्यापीठाच्या आवारात थोडी मोकळी जमीन अजून आहे, ती तरी राहू द्या.