रिसीव्हरचे मौन : हौशी रेडिओ केंद्रातील एक जुना प्रश्न
विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हौशी रेडिओ केंद्राच्या टेबलावर ट्रान्समीटर आणि रिसीव्हर ही दोन वेगळी यंत्रे असत. अनेकदा ती दोन वेगवेगळ्या कंपन्यांची, किंवा एक विकतचे आणि दुसरे घरी बांधलेले असे. दोन्ही एकाच कंपनसंख्येवर चालत आणि बहुधा एकच एरियल वापरत. दूरच्या केंद्राचा चांगला ठळक संदेश रिसीव्हरच्या तोंडाशी ५० मायक्रोव्होल्टच्या आसपास पोचतो, तर १०० वॉटचा ट्रान्समीटर ५० ओहमच्या तारेवर सुमारे ७० व्होल्ट निर्माण करतो. हे अंतर दहा लाख पटींहून मोठे आहे. त्यामुळे प्रक्षेपण सुरू असताना रिसीव्हर तसाच उघडा राहिला तर त्याचे एरियल कॉइल जळू शकते. व्हॉल्व्हच्या ग्रिडला जोडलेले कपॅसिटर भारित होतात आणि प्रक्षेपण थांबल्यावरही रिसीव्हर काही क्षण बधिर राहतो. माणूस माइकवर बोलत असेल, तर स्पीकरमधला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून कर्कश शीळ सुरू होते. रिसीव्हर गप्प करावा, पण पुढच्याच क्षणी तो ऐकायला तयार असावा, या दुहेरी गरजेतून म्यूटिंगच्या पद्धती घडत गेल्या.

ठिणगीच्या ट्रान्समीटरच्या काळात मुख्य चिंता संरक्षणाची होती. मार्कोनीच्या सुरुवातीच्या संचांत संदेश ओळखण्याचे काम कोहिअरर, म्हणजे धातूच्या कणांनी भरलेली काचेची नळी, करत असे. शेजारच्या ठिणगीनेही ती चाळवली जाई, म्हणून रिसीव्हर धातूच्या पेटीत ठेवला जाई. पुढे गॅलेनाचे स्फटिक आले. त्यांच्यावर तारेचे टोक टेकवून संवेदनक्षम बिंदू शोधावा लागे आणि जवळच्या जोरदार प्रक्षेपणाने तो बिंदू निकामी होई. एरियल रिसीव्हरपासून तोडून ट्रान्समीटरला जोडणारा मोठा, पात्याचा स्विच हा त्यावरचा सोपा उपाय होता. प्रत्येक संदेशाच्या आधी आणि नंतर चालक तो हाताने फिरवत असे.

व्हॉल्व्हचे रिसीव्हर रुळले तसे म्यूटिंग यंत्राच्या आत शिरले. १९३५ साली बाजारात आलेल्या नॅशनल कंपनीच्या एचआरओ या नामांकित रिसीव्हरवर व्हॉल्व्हचा उच्च दाब तोडणारा स्विच समोरच दिलेला होता. इतर कंपन्यांच्या यंत्रांवर ‘स्टँडबाय’ किंवा ‘सेंड-रिसीव्ह’ असा स्विच असे. त्याने व्हॉल्व्हचे फिलामेंट गरम राहत, पण प्लेटचा पुरवठा थांबे, त्यामुळे आवाज लगेच बंद होई. उणीव मात्र लवकरच जाणवली. पुरवठा तुटल्यावर रिसीव्हरमधल्या ऑसिलेटरचे तापमान किंचित उतरे, पुरवठा परतल्यावर कंपनसंख्या सरके आणि ऐकू येणाऱ्या मोर्सचा सूर हळूहळू भरकटे. शिवाय स्विचच्या टोकांवर शेकडो व्होल्ट येत. यंत्राच्या मागच्या जोडपट्टीवरून हीच जोडणी बाहेरच्या रिलेपर्यंत, म्हणजे विजेने हलणाऱ्या स्विचपर्यंत, नेली, तर हाताला धक्का बसण्याचा धोका वाढे.

म्हणून ऑसिलेटर अखंड चालू ठेवून फक्त प्रवर्धन खाली आणण्याची पद्धत पुढे आली. रेडिओ-फ्रिक्वेन्सी आणि मधल्या टप्प्यांतल्या व्हॉल्व्हचे कॅथोड प्रवर्धन कमीजास्त करणाऱ्या ‘आरएफ गेन’च्या बदलत्या रोधामार्गे जमिनीला जोडलेले असतात. त्या रोधाचे जमिनीकडचे टोक सोडवले की कॅथोडचा दाब वाढतो आणि ते व्हॉल्व्ह जवळजवळ बंद होतात. टोक पूर्ण मोकळे न ठेवता मध्ये दुसरा बदलता रोध बसवला, तर रिसीव्हर थोडासा जागा राहतो आणि चालकाला स्वतःचे मोर्स सौम्य आवाजात ऐकू येते. हात कसा चालतो आहे, सूर स्वच्छ आहे की नाही, हे त्याला तत्क्षणी कळते. हौशी केंद्रांत ही रचना लोकप्रिय झाली, कारण एका रिलेने आणि एका रोधाने म्यूटिंग आणि देखरेख ही दोन्ही कामे साधत. दुसऱ्या पद्धतीत स्वयंचलित प्रवर्धन-नियंत्रणाच्या तारेवर ऋण दाब देऊन ग्रिडमार्गे व्हॉल्व्ह बंद केले जात.

या वैविध्यातून जोडणीचा गोंधळ निर्माण झाला. काही रिसीव्हर दोन टोके एकत्र जोडल्यावर गप्प होत, काही ती टोके सुटल्यावर. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराची शिल्लक यंत्रे हौशी लोकांकडे आली, तेव्हा हा फरक विशेष जाणवला. अमेरिकी विमानांतल्या बीसी-३४८ या रिसीव्हरचे नियंत्रण मूळ संचाच्या तारांतून होत असे. तो घरी चालवायचा तर मागच्या प्लगमधली ठरावीक टोके आधी जोडावी लागत, नाहीतर यंत्र धडधाकट असूनही गप्प राही.

आतले मौन साधले तरी रिसीव्हरच्या एरियलकडच्या टोकाचे संरक्षण वेगळे करावेच लागे. एरियल बदलणाऱ्या रिलेवर एक जादा संपर्कजोडी घेऊन तिनेच रिसीव्हर म्यूट करण्याची प्रथा रूढ झाली. यात क्रम महत्त्वाचा असतो. आधी एरियल बदलले पाहिजे, रिसीव्हर गप्प झाला पाहिजे, मगच ट्रान्समीटरने शक्ती सोडली पाहिजे. परतताना हाच क्रम उलटा. शक्ती चालू असताना रिले हलला तर संपर्कांवर ठिणगी पडून ते जळतात.

मोर्सच्या दोन टिंबांमधल्या फटीतही समोरच्याचे ऐकू यावे, ही अपेक्षा आणखी कठीण होती. मिनिटाला २० शब्दांच्या वेगाने ती फट ६० मिलिसेकंदांची असते. तेवढ्या वेळात रिलेने दोनदा हलायचे आणि रिसीव्हरने बधिरपणा झटकायचा. शिवाय रिलेची टकटक कानांना त्रास देई. १९५० च्या दशकात यासाठी इलेक्ट्रॉनिक स्विच विकले जाऊ लागले. त्यांतला व्हॉल्व्ह ट्रान्समीटरच्या तारेला कायम जोडलेला असे आणि प्रक्षेपणाच्या दाबानेच स्वतःला बंद करून घेई. त्यात हलणारा भाग नव्हता, पण ट्रान्समीटरचे ट्यूनिंग सर्किट येणाऱ्या संदेशाचा काही भाग शोषून घेई.

पुढे एक-पट्टी (सिंगल साइडबँड) ध्वनिप्रक्षेपण पसरले आणि आवाजाने आपोआप चालणारे स्विचिंग आले. कॉलिन्स कंपनीने १९५७ मध्ये केडब्ल्यूएम-१ हा ट्रान्सीव्हर आणला. प्रक्षेपण आणि ग्रहण एकाच पेटीत, काही सर्किट दोघांची सामायिक, त्यामुळे म्यूटिंग कारखान्यातच ठरू लागले. १९६० नंतर ट्रान्सीव्हरांचा प्रसार होत गेला, तसा हा प्रश्न हौशी माणसाच्या टेबलावरून हळूहळू उतरला.

जुने रिसीव्हर आजही प्रेमाने चालवणाऱ्यांपुढे तो कायम आहे. नव्या ट्रान्समीटरचा नियंत्रण-ट्रान्झिस्टर थोडाच धन दाब सोसतो, तर जुन्या यंत्राच्या म्यूट टोकावर शेकडो धन व्होल्ट किंवा बराच ऋण दाब असू शकतो. म्हणून मूळ सर्किट-आकृती पाहून ते टोक कोणत्या पद्धतीचे आहे हे आधी ठरवले जाते, दाब मोजला जातो आणि दोन यंत्रांमध्ये स्वतंत्र संपर्कांचा छोटा रिले बसवला जातो. त्याचे संपर्क मोजलेला दाब आणि प्रवाह सोसणारे असले, की मूळ यंत्रात काहीही न कापता दोन्ही यंत्रे सुरक्षितपणे एकत्र चालवता येतात.