जुन्या संगणक-प्रणालींचें पुनरुज्जीवन

गतवर्षीं गिरगांवांतील माझ्या घरचें एक जुनें कपाट आवरीत असतां एक काळी चौकोनी फ्लॉपी हातीं लागली. तिच्यावर माझ्याच अक्षरांत ‘शिक्षकांची यादी, १९९३’ असें लिहिलेलें होतें. ज्या शाळेंत मीं उभें आयुष्य घालविलें, तिच्या ३७ जुन्या शिक्षकांचीं नांवें, त्यांच्या नेमणुकीचीं व निवृत्तीचीं सालें आणि प्रत्येकाविषयीं चार ओळी, असा तो मजकूर. शाळेच्या पहिल्यावहिल्या संगणकावर, देवनागरी लेखनाच्या एका प्रणालीच्या साहाय्यानें, मीं तो रात्रीं बसून टंकला होता. त्यांतील बरीच माहिती वृद्ध मंडळींच्या तोंडून ऐकलेली. ती अन्यत्र कोठेंही लिहिलेली नव्हती. सांगणारीं माणसें आतां हयात नाहींत.

ही फ्लॉपी वाचावी कशी? नव्या संगणकास तिचा खण नसतो. बाहेरून जोडावयाचा एक खण मिळविला, तर पडद्यावर चिन्हांचा नुसता सडा पडला. एक अक्षर लागेल तर शपथ! ज्या प्रणालीवर मजकूर लिहिला ती करणारी पेढी केव्हांच बंद झालेली. ती प्रणाली ज्या डॉस नामक ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधारावर चाले, ती सिस्टिम नव्या यंत्रांत नाहीं. मी निराश झालेला पाहून परळास राहणारा माझा एक जुना विद्यार्थी म्हणाला, “सर, जुनी सिस्टिम नव्या यंत्रावर पुन्हां बांधतां येते. मात्र तिचें मूळ लेखन हातीं पाहिजे.” हे ‘मूळ लेखन’ शब्द माझ्या मनांत घर करून राहिले. त्यांच्या मागें लागून जो इतिहास मला समजला, तो आज आपणांपुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

मूळ लेखन म्हणजे काय, हें गिरगांव-काळबादेवीच्या माणसास समजावून सांगणें अवघड नाहीं. जावजी दादाजी यांनीं आधीं खिळे ओतण्याचा कारखाना काढला व १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना उभा केला. त्यांचे सहकारी राणोजी रावजी आरू यांनीं अक्षरांचे ठसे कोरिले. पोलादी ठसा तांब्यावर ठोकून मातृका करावयाची, मातृकेंत शिशाचा रस ओतून खिळा काढावयाचा, आणि खिळे जुळवून पान छापावयाचें, असा त्या धंद्याचा क्रम. खिळे झिजतात, मोडतात, पुन्हां वितळविले जातात. परंतु मातृका शाबूत असेल तर तेंच अक्षर हवें तितक्या वेळां ओतून घेतां येतें. संगणकाचेंही असेंच आहे. तज्ज्ञ मनुष्य आपल्या आज्ञा माणसास वाचतां येईल अशा भाषेंत लिहितो. तें मूळ लेखन, सोर्स कोड. कंपायलर नांवाचा दुभाष्या तें यंत्राच्या शून्य-एकाच्या भाषेंत उतरवितो, तो खिळा. आपण बाजारांतून आणतों ते बहुधा खिळेच. मातृका कारखानदाराच्या तिजोरींत राहते.

मातृकेवांचून काय होतें, याचा धडा आपल्या मुंबईंतच घडून गेला आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत रंगस्वामी नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं कांहीं तरुणांनीं १९५६ सालीं एक प्रायोगिक यंत्र चालू केलें, आणि १९६० च्या फेब्रुवारींत पूर्ण संगणक सिद्ध केला. १५ जानेवारी १९६२ रोजीं कुलाब्याच्या नव्या वास्तूचें उद्घाटन झालें, त्या वेळीं पंडित नेहरूंनीं त्यास ‘टिफ्रॅक’ हें नांव दिलें. त्यांत सुमारें २७०० निर्वात नळ्या होत्या. त्याची स्मृति अवघ्या २०४८ शब्दांची, आणि प्रत्येक शब्द ४० द्विमान अंकांचा. असा संगणक जगांत एकच होता, हेंच त्याचें वैभव आणि हीच त्याची अडचण. १९६४ सालीं त्याच संस्थेंत अमेरिकेहून सी. डी. सी. ३६०० हें यंत्र आलें. त्याचा शब्द ४८ अंकांचा, आज्ञाही निराळ्या. टिफ्रॅकच्या स्वतःच्या भाषेंत लिहिलेलें गणित नव्या यंत्रास परकें झालें. नव्या यंत्राबरोबर फोर्ट्रान ही यंत्राहून स्वतंत्र अशी भाषा वापरांत आली, आणि तिच्यांत लिहिलेलें गणित पुढच्या यंत्रावर नेण्याची वाट मोकळी झाली. लेखन यंत्रापासून सुटें झालें, तेव्हांच त्यास यंत्राहून अधिक आयुष्य मिळालें.

हाच विचार ऑपरेटिंग सिस्टिमच्या बाबतींत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत सिद्धीस गेला. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनीं १९६९ सालीं युनिक्सचा आरंभ केला. १९७१ सालीं तिची पहिली आवृत्ति पी. डी. पी. ११ या यंत्रावर चालूं लागली. प्रथम ती यंत्राच्या अगदीं निकटच्या भाषेंत होती. १९७३ सालीं ती रिचींनीं घडविलेल्या सी भाषेंत पुन्हां लिहिली गेली. विद्यापीठांस ती मूळ लेखनासह मिळे. ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे अध्यापक जॉन लायन्स यांनीं सहाव्या आवृत्तीचें सुमारें ९००० ओळींचें लेखन विद्यार्थ्यांसाठीं छापून घेतलें आणि त्यावर ओळीओळीनें टीका लिहिली. १९७९ सालीं सातवी आवृत्ति आली तेव्हां नव्या करारानें असें अध्यापन वर्ज्य ठरविलें. तरी लायन्स यांची टीका हस्ते-परहस्ते, नकलेच्या नकला होऊन, देशोदेशीं फिरली. राजरोस पुस्तकरूपानें ती १९९६ सालीं प्रसिद्ध झाली. एका शिक्षकाच्या टीकेनें एक ग्रंथ जिवंत ठेविला, ही गोष्ट ज्ञानेश्वरीच्या देशांत कोणास नवी वाटूं नये. पुढें २००२ च्या जानेवारींत काल्डेरा कंपनीनें प्राचीन युनिक्सचें मूळ लेखन सर्वांस खुलें केलें.

येथें कोणी म्हणेल, मूळ लेखन मिळालें, नवें यंत्र जुन्याहून लक्षपट समर्थ. मग अडचण ती कोणती? अडचणी तीन आहेत.

पहिली भाषेची. भाषा वाहती असते. संस्कृतांत ‘शिक्षा’ म्हणजे विद्यादान. मराठींत ती छडी झाली. सी भाषेंतही तसेंच घडलें. सहाव्या आवृत्तीच्या काळीं ‘क =- १’ असें लिहिलें म्हणजे ‘क मधून एक वजा करा’ असा अर्थ होई. आजचा कंपायलर त्याच चिन्हांचा अर्थ ‘क ची किंमत उणें एक करा’ असा करतो. मौज अशी कीं तो पुष्कळदां तक्रार करीत नाहीं. निमूटपणें चुकीचें भाषांतर करून मोकळा होतो. जेथें तक्रार होते तेथें निदान चूक सांपडते. पूर्वीं संख्येचा प्रकार न सांगतां लिहिलेलें चालत असे, जी. सी. सी. या प्रसिद्ध कंपायलरनें मे २०२४ मध्यें निघालेल्या १४ व्या आवृत्तीपासून तें चूक म्हणून नाकारण्यास आरंभ केला. अनेक जुनीं लेखनें त्या दिवसापासून, कोणीं हात न लावतां, ‘अशुद्ध’ ठरलीं.

दुसरी अडचण मापाची. माझ्या या विद्यार्थ्याचे वडील लालबागच्या एका गिरणींत फिटर होते. ते सांगत कीं जुन्या विलायती मागाचा सुटा भाग नव्या लेथवर सहज कातून होतो, पण आटे जुन्या मापाचे न धरले तर तो बसत नाहीं. पी. डी. पी. ११ चा शब्द १६ अंकांचा. आजच्या यंत्राचा ६४ अंकांचा. जुन्या लेखकानें माप मनांत गृहीत धरून लिहिलेलें, कागदावर न नोंदलेलें. तेंच नेमकें येथें उलटतें.

तिसरी अडचण सर्वांत चमत्कारिक. प्रणाली बांधण्यास कंपायलर लागतो, आणि तो जुना कंपायलर स्वतःच त्या जुन्या प्रणालीवर चालणारा असतो. आधीं बीज कीं आधीं वृक्ष?

या कोड्याचीं दोन उत्तरें निघालीं आहेत. पहिलें उत्तर पायरीपायरीनें चढण्याचें. फ्रीबीएसडी या युनिक्सच्या वंशांतील प्रणालीची बांधणी अशीच होते: यजमान यंत्रावरील हत्यारांनीं प्रथम कांहीं साधीं हत्यारें घडवावयाचीं, त्यांनीं नव्या प्रणालीचा स्वतःचा कंपायलर बांधावयाचा, आणि मग त्या कंपायलरनें अवघी प्रणाली. यजमानाच्या लहरींचा संसर्ग पहिल्या पायरीपलीकडे जाऊं नये, हा त्यांतील हेतु. ही योजना मुख्यतः जुन्या यंत्रावर नवी आवृत्ति बांधण्यासाठीं आखलेली असते. उलट दिशेनें, म्हणजे नव्या यजमानावर जुनी आवृत्ति बांधूं जावें, तर पहिली पायरीच डळमळते. कारण पुढें होणाऱ्या पिढीच्या संवयी मागच्या पिढीस कशा ठाऊक असणार? तेथें जाणत्या माणसास हातानें डागडुजी करावी लागते.

दुसरें उत्तर बहुरूप्याचें. नव्या संगणकांत एम्युलेटर नांवाची प्रणाली जुन्या यंत्राचें हुबेहूब सोंग आणते. बहुरूपी वेष घेऊन दारांत उभा राहिला म्हणजे पोर त्यास खरा हवालदार समजतें. तद्वत् जुनी हत्यारें त्या सोंगास आपलें खरें यंत्र समजून कामाला लागतात.

या दोन्ही उपायांची कसोटी २००८ सालीं लागली. युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीच्या गाभ्याचें मूळ लेखन केवळ कागदावर छापील रूपांत उरलें होतें. वॉरन टूमी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तीं पानें यंत्रानें वाचविलीं, वाचनांतील चुका एकमेकांच्या नजरेखालून दुरुस्त केल्या, नंतरच्या काळचा असेंब्लर थोडा फेरफार करून हातीं घेतला, आणि पी. डी. पी. ११ चें सोंग आणणाऱ्या एम्युलेटरवर ती प्रणाली पुनश्च चालू केली. लोहचुंबकीय फितींनीं दगा दिला असतां कागद टिकला, हें आम्हां जुन्या मंडळींस सुखावणारें आहे.

आतां माझ्या फ्लॉपीकडे वळतों. माझी लेखन-प्रणाली डॉसच्या एका ठराविक आवृत्तीसाठींच केलेली असावी. इतर आवृत्त्यांवर ती सुरू होईना. १९८८ च्या डॉस ४.०० चें मूळ लेखन मायक्रोसॉफ्टनें आय. बी. एम. च्या सहकार्यानें एप्रिल २०२४ मध्यें खुलें केलें आहे. त्यासोबत त्या काळचा असेंब्लर व कंपायलरही दिला आहे. पण तीं हत्यारें डॉसवरच चालणारीं! माझ्या विद्यार्थ्यानें एम्युलेटरमध्यें तीं चालविलीं. तेथेंही विघ्न होतेंच. प्रसिद्ध केलेल्या लेखनांत रोमन वर्णमालेबाहेरचीं कांहीं चिन्हें नव्या चिन्ह-पद्धतींत आणतांना बिघडलीं होतीं, आणि जुना असेंब्लर तेथें अडून बसे. जाणत्या लोकांनीं सुचविलेल्या दुरुस्त्या केल्यावर बांधणी तडीस गेली. एका रविवारीं सायंकाळीं, परळच्या त्याच्या घरीं, पडद्यावर माझीं देवनागरी अक्षरें तीस वर्षांनीं पुन्हां उमटलीं. तो म्हणाला, “सर, आतां वाचा, मी लिहून घेतों.” पूर्वीं मी सांगत असें आणि तो लिहून घेत असे, तसेंच आम्ही रात्रीं अकरापर्यंत बसलों.

३७ शिक्षकांपैकीं ३४ जणांचा मजकूर मिळाला. तिघांच्या ओळी फ्लॉपीवरच झिजून गेल्या होत्या. त्यांपैकीं एक मला स्वतःला गणित शिकविणारे गुरुजी होते. प्रणाली पुन्हां बांधतां आली, यंत्राचें सोंग आणतां आलें. पण ज्याची दुसरी प्रत नव्हती, तें कोणत्याही कंपायलरला निर्माण करतां आलें नाहीं. दोष कोणाचा? एकच प्रत ठेवून तिच्यावर विसंबणाऱ्या माझाच.

यावरून घेण्याजोगा बोध सांगून आपली रजा घेतों. ज्यास कांहीं पुढच्या पिढीच्या हातीं द्यावयाचें आहे, त्यानें तीन गोष्टी एकत्र ठेवाव्या: मूळ लेखन, तें बांधणारीं हत्यारें, आणि कोणतें माप व कोणता अर्थ गृहीत धरला याचें साध्या भाषेंतील टिपण. यांपैकीं तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त, आणि तीच बहुधा कोणी ठेवीत नाहीं. मराठी मजकूर युनिकोडमध्यें ठेवावा. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीस तेथें स्थान आहे, आणि तो कोणा एका पेढीच्या मालकीचा संकेत नाहीं. आणि जें खरोखर मोलाचें असेल, त्याची एक प्रत कागदावर उतरून घ्यावी.

ती ३४ नांवांची यादी मीं आतां तीन प्रतींत छापून घेतली आहे. उरलेल्या तिघांसाठीं तीन पानें कोरीं सोडलीं आहेत. वर नांवें लिहिलीं आहेत. खालीं आठवेल तसें लिहीत आहें.