उत्तरवयातील अजिंक्यपद

खेळाडूच्या कारकिर्दीचा उत्कर्षकाळ सरल्यावर त्याने मिळविलेले सर्वोच्च विजेतेपद. गोल्फमध्ये शारीरिक वेगापेक्षा अचूकता व संयम निर्णायक ठरत असल्यामुळे अशी उदाहरणे आढळतात; जॅक निकलॉस याने १९८६ मध्ये ४६ व्या वर्षी मास्टर्स स्पर्धा, तर फिल मिकलसन याने २०२१ मध्ये ५० व्या वर्षी पीजीए अजिंक्यपद जिंकले व तो प्रमुख स्पर्धांचा (गोल्फमधील चार सर्वोच्च वार्षिक स्पर्धांचा) सर्वांत वयस्क विजेता ठरला. विदर्भाच्या क्रिकेट संघाच्या इतिहासात याचे ठळक उदाहरण सलामीचा फलंदाज वसीम जाफर याचे आहे. मुंबईकडून आठ वेळा रणजी करंडक (आंतरराज्य प्रथम श्रेणी स्पर्धा) जिंकल्यानंतर तो विदर्भाकडे आला आणि प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने २०१७-१८ मध्ये इंदूर येथे दिल्लीला नमवून पहिले, तर पुढील हंगामात नागपूर येथे सौराष्ट्राला हरवून दुसरे विजेतेपद मिळविले. या दुसऱ्या हंगामात चाळिशी उलटलेल्या जाफरने १,०३७ धावा केल्या, तर मार्च २०१८ मधील इराणी करंडक सामन्यात त्याने शेष भारताविरुद्ध २८६ धावांची खेळी केली. २०२० मध्ये तो निवृत्त झाला.